द्विमान अपूर्णांकांना यंत्रात बसविणारा अभियंता

संगणकाच्या आद्य शिल्पकारांपैकी एक असलेले कोनराड त्सुझे यांचा जन्म २२ जून १९१० रोजी बर्लिन येथे झाला. स्थापत्य अभियंता म्हणून ते हेन्शेल विमान कारखान्यात रुजू झाले. मात्र किचकट आकडेमोडीला कंटाळून त्यांनी नोकरी सोडली आणि आई-वडिलांच्या घरातच गणनयंत्र उभारण्यास घेतले.

अतिसूक्ष्म अपूर्णांक व अवाढव्य संख्या एकाच चौकटीत मावाव्यात, यासाठी त्यांनी संख्येचे अंक आणि घातांक द्विमान पद्धतीने स्वतंत्रपणे साठविले. १९४१च्या 'झेड ३' यंत्रात प्रत्येक संख्येसाठी २२ बिट होते : १ चिन्हाचा, ७ घातांकाचे, १४ अंकांचे. एक दशमांश द्विमानात कधीच संपत नाही. तो कुठेतरी तोडावाच लागतो. ही मर्यादा आजच्या संगणकांनाही चुकलेली नाही.

१९४३च्या बॉम्बहल्ल्यात 'झेड ३' नष्ट झाले. बिटांपासूनच सर्व संख्या घडविणारी त्यांची 'प्लानकाल्क्यूल' ही आज्ञावलीची भाषा १९४५ मध्ये सिद्ध झाली, पण समग्र रूपात १९७२ मध्येच प्रसिद्ध झाली. १९६७ मध्ये न्यायालयाने त्यांना पेटंटही नाकारले. १८ डिसेंबर १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. घातांक आणि अंक वेगळे ठेवण्याची ती पद्धत मात्र आज जवळपास प्रत्येक संगणकात रुजली आहे.