कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत स्वतःहून गेलेले फादर डेमियन, त्यांची गोष्ट पत्रांमधून कळते

हवाईच्या राज्यात १८६५ साली एक कायदा झाला. कुष्ठरोग झालेल्या माणसाला घरच्यांपासून तोडून मोलोकाई बेटावर पाठवायचं. जागा अशी निवडली की तिन्ही बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला सरळसोट कडा. जानेवारी १८६६ मध्ये पहिले रुग्ण तिथं उतरवले गेले. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे ८,००० माणसांना तिथं पाठवण्यात आलं.

या वसाहतीकडं जगाचं लक्ष गेलं ते फादर डेमियन यांच्यामुळं.

त्यांचं मूळ नाव योझेफ डी व्हुस्टर. जन्म ३ जानेवारी १८४०, बेल्जियममधलं ट्रेमेलो गाव, घर शेतकऱ्याचं. खरंतर हवाईला जायचं होतं त्यांचा थोरला भाऊ पॅम्फिल याला. पण ऐनवेळी तो टायफसनं आजारी पडला. योझेफनं स्थानिक वरिष्ठांना न विचारता थेट पॅरिसला पत्र लिहिलं आणि भावाच्या जागी स्वतःची वर्णी लावून घेतली. मार्च १८६४ मध्ये ते होनोलुलूला पोहोचले.

१० मे १८७३ रोजी ते मोलोकाईवर उतरले. ठरलं होतं की चार पाद्र्यांनी पाळीपाळीनं जायचं. डेमियन यांनी मात्र लगेच पत्र पाठवून तिथंच राहू देण्याची परवानगी मागितली.

पुढची सोळा वर्षं त्यांनी जखमा बांधल्या, घरं उभारली, पाण्याचे नळ टाकले, शवपेट्या बनवल्या, थडगी खणली. सुरुवातीला निर्बंध इतके कडक होते की वरिष्ठ जहाजातून आले, तरी त्यांना उतरू दिलं नाही. डेमियन यांनी होडीतून ओरडून, सगळ्यांदेखत आपल्या पापांची कबुली दिली.

बाहेरच्या जगाशी संबंध उरला तो मुख्यतः पत्रांचा. लाकूड, कपडे, औषधं यांसाठी ते सतत लिहीत. आरोग्य मंडळ आणि वरिष्ठ त्यांच्या मागण्यांना वैतागत. त्यांचा स्वभाव हट्टी होता, भांडणंही होत.

१८७३ मध्येच त्यांनी पॅम्फिलला कळवलं होतं की, प्रवचनात आपण रुग्णांना वेगळं धरत नाही, स्वतःला त्यांच्यातलाच एक म्हणवतो. अकरा वर्षांनी ते खरं ठरलं. १८८४ च्या अखेरीस उकळतं पाणी पायावर सांडलं, पण वेदना झाली नाही. तो कुष्ठरोग होता.

पत्रं लिहिणारे डेमियन एकटे नव्हते. हवाईच्या राजघराण्यातले पीटर काएओ १८७३ मध्ये रुग्ण म्हणून तिथं आले. त्यांनी आपली बहीण लागणाऱ्या राणी एम्मा यांना तीन वर्षं पत्रं लिहिली. खाणंपिणं, हवापाणी, शेजारपाजार, रोजचे मृत्यू सगळं त्यात आहे. इतर रुग्णही हवाईयन भाषेत आरोग्य मंडळाला आणि वर्तमानपत्रांना लिहीत, अन्न कमी पडतंय म्हणून तक्रारी करत. एका पाद्र्यानं असहाय लोकांना तारलं, एवढीच ही गोष्ट नाही, हे या पत्रांमुळं कळतं. ती माणसं स्वतःसाठी बोलत होती. डेमियन यांनी त्यांच्यात राहून आपला आवाज त्यात मिळवला.

१५ एप्रिल १८८९ रोजी, ४९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी पॅम्फिलनं त्यांची पत्रं छापून घेतली. १८९५ मध्ये पॅम्फिल स्वतः मोलोकाईला गेला, पण दोनेक वर्षांतच परतला.

डेमियन यांचं पार्थिव १९३६ मध्ये बेल्जियमला नेण्यात आलं. १९९५ मध्ये त्यांचा उजवा हात मोलोकाईला परत आणून मूळ थडग्यात पुरला गेला. २००९ मध्ये त्यांना संतपद मिळालं.