एकदाच दिसलेला सिग्नल

गेल्या वर्षी एका बगने आमच्या टीमला आठवडाभर छळलं. ॲप क्रॅश व्हायचं, पण फक्त एका टेस्टरच्या फोनवर, तेही कधीतरी. मी बघायला गेलो की सगळं व्यवस्थित चालू. शेवटी तिकीट बंद झालं, कारण पुन्हा करून दाखवता येत नव्हतं. त्याच दिवसांत एका मित्राच्या गुडघ्याचा एमआरआय झाला होता. ते मशीन आत नक्की करतं काय, हे त्याला समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. म्हणून संभाजीनगरात सिडकोतल्या खोलीवर बसून वाचायला घेतलं आणि येवगेनी झावोयस्की सापडला. त्याचा बग माझ्यापेक्षा फारच मोठा होता.

झावोयस्कीचा जन्म १९०७ चा, मोगिलेव-पोडोल्स्की गावातला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. वडील लष्करी डॉक्टर. कुटुंब पुढे रशियातल्या काझान शहरात आलं. पोराला रेडिओचं वेड होतं. काझान विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकला, तिथेच शिकवायला लागला आणि एकाच प्रश्नामागे लागला: रेडिओ लहरी पदार्थात शिरल्या की काय होतं?

इथे थोडी थिअरी, चालेल ना? अणूचं केंद्रक आणि इलेक्ट्रॉन, दोघंही बारक्या चुंबकासारखे वागतात (सगळी केंद्रकं नाही, पण हायड्रोजनचं नक्की). त्यांना बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलं आणि नेमक्या फ्रिक्वेन्सीची रेडिओ लहर सोडली, की ते तिच्यातली ऊर्जा शोषतात. रेडिओवर स्टेशन लागावं तसं. काटा जरा सरकला की गेलं. केंद्रकाच्या बाबतीत याला एनएमआर म्हणतात, इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ईपीआर. एमआरआय म्हणजे आपल्या शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनचं एनएमआरच.

हे शोषण पकडायची झावोयस्कीची युक्ती मला भारी आवडली. त्याने नमुना ऑसिलेटरच्या कॉइलमध्येच ठेवला. नमुन्याने ऊर्जा खाल्ली, की व्हॅक्यूम ट्यूबच्या ग्रिडमधला करंट किंचित बदलायचा. वेगळा डिटेक्टर नाहीच. आल्टशुलर आणि कोझिरेव या दोन सहकाऱ्यांसोबत त्याने १९४१ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर केंद्रकाचा सिग्नल शोधायला घेतला. आणि सिग्नल दिसला! पुन्हा मात्र तसाच येईना. कधी यायचा, कधी नाही.

दोष बहुधा चुंबकाचा होता. हायड्रोजनच्या केंद्रकाचा सिग्नल फार अरुंद असतो. चुंबकीय क्षेत्र नमुन्याच्या एका टोकाला जरा कमी आणि दुसऱ्या टोकाला जरा जास्त असलं, तर प्रत्येक भाग वेगळ्या फ्रिक्वेन्सीला उत्तर देतो आणि सिग्नल पसरून गायब होतो. काझानचं चुंबक तेवढं एकसारखं नव्हतं. ते सुधारायला वेळ लागला असता, आणि वेळच संपला. २२ जून १९४१ ला जर्मनीने हल्ला केला. आल्टशुलर आघाडीवर गेला. मॉस्कोतल्या विज्ञान संस्था काझानला हलवल्या, त्यांना जागा द्यायला झावोयस्कीची यंत्रणा मोडून काढली.

युद्ध चालू असतानाच तो पुन्हा कामाला लागला, पण आता त्याने केंद्रक सोडून इलेक्ट्रॉन धरला. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व हायड्रोजनच्या केंद्रकापेक्षा सुमारे ६५८ पट जास्त. सिग्नल जोरदार, आणि त्याने घेतलेल्या क्षारांमध्ये तो मुळातच रुंद, त्यामुळे ओबडधोबड चुंबकही चालून गेलं. १९४४ मध्ये तांब्याच्या क्लोराइडमध्ये १३३ मेगाहर्ट्झला, ४७.६ गॉस क्षेत्रात त्याला शोषण दिसलं. आणि या वेळी ते दरवेळी दिसलं.

हे आकडे जरा आपल्या फोनवर बसवून बघा. एफएम रेडिओ १०८ मेगाहर्ट्झला संपतो, म्हणजे १३३ त्याच्या जरा पुढे. फोनमधला कंपास पृथ्वीचं क्षेत्र दाखवतो साधारण ४०-४५ मायक्रोटेस्ला. झावोयस्कीचं क्षेत्र होतं ४७६० मायक्रोटेस्ला, शंभरेक पट. मित्राला ज्या एमआरआयमध्ये झोपवतात, तिथे साधारण १५ लाख.

मॉस्कोतले दिग्गज लगेच पटणारे नव्हते. त्याने तिथे कापित्झांच्या संस्थेत यंत्रणा पुन्हा उभी करून सिग्नल दाखवला, आणि ३० जानेवारी १९४५ ला डॉक्टरेटचा प्रबंध मांडला. त्याच वर्षाच्या शेवटी आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेत पर्सेल आणि ब्लॉक यांच्या वेगवेगळ्या गटांना एनएमआर नीट सापडलं. १९५२ चं नोबेल त्या दोघांना. (ब्लॉकच्या विद्यापीठात, स्टॅनफर्डला, १९५१ मध्ये अल्कोहोलच्या एका रेणूत हायड्रोजनचे तीन वेगळे सिग्नल दाखवणाऱ्या तिघांत एस. एस. धर्मट्टी होते. त्यांनी पुढे मुंबईत टीआयएफआरमध्ये एनएमआरचं काम उभं केलं.)

मग एनएमआर खरं कोणी शोधलं? माझं मत झावोयस्कीच्या विरुद्ध जातं. १९४१ च्या सिग्नलवर त्याने पेपर लिहिला नाही, आणि लिहिला नाही ते बरोबरच केलं. ईपीआर मात्र पूर्णपणे त्याचं, आणि त्यासाठी नोबेल मिळालं नाही हे मला अजूनही खटकतं.

१९४७ मध्ये तो मॉस्कोला गेला, अणुप्रकल्पात आणि नंतर प्लाझ्माच्या संशोधनात रमला. त्याचे दोन्ही धागे जोडले ते दुसऱ्यानेच. १९५६ मध्ये बेल लॅब्समध्ये जॉर्ज फेहरने एन्डॉर नावाची पद्धत काढली. गर्दीत लहान पोराचा आवाज ऐकू येत नाही, पण त्याने पदर ओढला की आई बोलता बोलता थांबते. तिच्याकडे बघूनच आपल्याला कळतं. तसंच इथे. इलेक्ट्रॉनचा जोरदार सिग्नल धरून ठेवायचा आणि दुसरी रेडिओ लहर हळूहळू बदलत न्यायची. ती केंद्रकाला जुळली की इलेक्ट्रॉनचा सिग्नल हलतो. जे दुबळं केंद्रक झावोयस्कीला हुलकावणी देत होतं, ते इलेक्ट्रॉनमार्फत वाचता आलं. फेहरचा नमुना होता फॉस्फरस मिसळलेलं सिलिकॉन. तुमच्या फोनच्या चिपमध्येही सिलिकॉनच आहे, आणि त्यातही फॉस्फरससारखी द्रव्यं मिसळलेली असतात. फॉस्फरसचा जादा इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या किती सिलिकॉन अणूंवर पसरतो, याचा नकाशा याच पद्धतीने १९५९ पर्यंत निघाला.

झावोयस्कीला १९५७ मध्ये लेनिन पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर १९७६ मध्ये तो मॉस्कोत वारला. पुढच्याच वर्षी चुंबकीय अनुनादाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला मरणोत्तर पुरस्कार दिला. काझानमधल्या भौतिकशास्त्राच्या संस्थेला आज त्याचं नाव आहे.