दोराबजी टाटा आणि रक्तविकार-संशोधनाचा न्यास

सर दोराबजी टाटा यांचे नाव पोलाद व जलविद्युत् या उद्योगांशी इतके निगडित झाले आहे की, वैद्यकीय संशोधनाचे आश्रयदाते म्हणून त्यांच्याकडे सहसा पाहिले जात नाही. वस्तुतः त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षातील एक निर्णय या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे.

जमशेटजी टाटा यांचे हे ज्येष्ठ पुत्र. जन्म मुंबईस, २७ ऑगस्ट १८५९ रोजी. केंब्रिज येथे दोन वर्षे काढून ते परतले आणि १८८२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले. काही काळ त्यांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रकारिताही केली. १९०४ मध्ये पिता निवर्तल्यावर त्यांच्या अपुऱ्या योजनांचा भार दोराबजींवर आला; १९०७ मध्ये पोलाद कंपनी स्थापन झाली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची मुख्य वास्तू उभी राहिली, तीही दोराबजी व त्यांचे बंधू रतनजी यांच्या साहाय्याने. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम जेथे चालले, त्या वास्तूचे हे ऋण भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना विसरता येणार नाही.

१८९८ मध्ये त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला. त्या दोराबजींहून वीस वर्षांनी लहान होत्या. या दांपत्यास अपत्य नव्हते. १९२४ मध्ये पोलाद कंपनी डबघाईस आली, तेव्हा दोराबजींनी आपली खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. तीत मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिराही होता. कंपनी तगली. १८ जून १९३१ रोजी मात्र उत्तर वेल्समध्ये मेहेरबाई ल्युकेमियाने निधन पावल्या. धनाने या व्याधीवर उपाय विकत घेता येत नव्हता, कारण तसा उपाय वैद्यकाजवळच नव्हता.

पत्नीचे स्मारक म्हणून पुतळा किंवा धर्मशाळा उभारणे त्या काळी स्वाभाविक ठरले असते. दोराबजींनी एप्रिल १९३२ मध्ये लेडी टाटा स्मारक न्यास स्थापन केला. उत्पन्नाचे चार पंचमांश जगभरातील रक्तविकारांच्या, विशेषतः ल्युकेमियाच्या, संशोधनास आणि एक पंचमांश भारतातील रोगनिवारणविषयक संशोधनास, अशी विभागणी ठरली. स्वदेशीच्या ऐन भरात भारतीय द्रव्याचा मोठा वाटा परदेशी प्रयोगशाळांकडे वळविणे काहींना विपरीत वाटेल. परंतु ज्या रोगाचे मूळच अज्ञात, त्याचा शोध जेथे चालू असेल तेथे द्रव्य पोचले पाहिजे, हा विचार तर्कशुद्धच होता. आणि तो केवळ पारशी समाजापुरताही नव्हता.

त्याआधी महिनाभर, मार्च १९३२ मध्ये, त्यांनी आपली उरलेली संपत्ती, मेहेरबाईंच्या दागिन्यांसह, दुसऱ्या एका न्यासाच्या स्वाधीन केली होती. स्थळ, राष्ट्र वा पंथ असा भेद न मानण्याचे त्यात नमूद आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले ते या दुसऱ्या न्यासामुळे. दोहोंची गल्लत अनेकदा होते.

पत्नीच्या समाधीच्या दर्शनास इंग्लंडकडे निघालेले दोराबजी ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे निधन पावले. लंडननजीकच्या ब्रुकवुड येथे त्यांना पत्नीशेजारी चिरविश्रांती देण्यात आली. बालकांमधील ल्युकेमियाला औषधाने तात्पुरता उतार पडल्याचा सिडनी फार्बर यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला तो १९४८ मध्ये. ते औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते.