रमाबाई रानडे : परिचारिकेच्या पदराला मान मिळवून देणारी

रात्री-अपरात्री घाबरलेली गरोदर बाई रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येते, तेव्हा तिच्याजवळ आधी पोहोचते ती परिचारिका. रक्तदाब मोजणे, बाळाचे ठोके ऐकणे, रक्तस्राव पाहणे आणि धीर देणे ही सारी कामे ती एका दमात करते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हे काम शिकायला घरंदाज बाई मिळणे मुश्कील होते. ती वाट मोकळी करणाऱ्यांत रमाबाई रानडे अग्रभागी होत्या.

१८६२ मध्ये देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, त्यांचे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झाले. रानड्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. अक्षरओळखही नसलेल्या पत्नीला त्यांनी स्वतः शिकवले. घरातल्या बायकांचा त्याला कडवा विरोध होता. पुढे रानड्यांची नाशिकला बदली झाली आणि तिथल्या हायस्कूलच्या समारंभात रमाबाई पहिल्यांदा जाहीर बोलल्या. भाषण रानड्यांनी लिहून दिले होते.

१९०१ मध्ये रानडे गेले. दुःखातून सावरल्यावर रमाबाई तुरुंगातल्या स्त्रियांना आणि रुग्णालयातल्या रोग्यांना भेटू लागल्या. १९०८ मध्ये मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याच्या अध्यक्ष रमाबाई झाल्या. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन उभे राहिले. पुढे ससून रुग्णालयाच्या साहाय्याने तिथल्या बायका परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण घेऊ लागल्या.

याची गरज मोठी होती. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत होई. सुईणीचा हात अनुभवी असला, तरी जंतूंची माहिती नसे. न धुतलेल्या हातांमुळे बाळंतिणीला सूतिकाज्वर होई, अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्याने बाळाला धनुर्वात. पुरुष डॉक्टरांसमोर जायला बायका तयार नसत. आपल्या भाषेत बोलणारी, शिकलेली बाई हाच त्यावर उपाय होता. पण परक्यांचे रक्त-पू पुसणे, रात्रपाळी करणे हे समाजाला हलके वाटे.

सेवासदनाच्या एका बक्षीस समारंभात केशवपन केलेली, लाल आलवण नेसलेली विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. गॅलरीतल्या कॉलेजच्या मुलांनी हुर्यो केली. समारोपाला उठलेल्या रमाबाईंनी त्या शिकलेल्या मुलांना भर सभेत खडसावले. शिकायला घराबाहेर पडलेल्या बाईचा अपमान त्यांनी मुकाट्याने सोसला नाही.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या. त्यांच्या कामाचे वैद्यकीय मोल आजही उमगते. विश्वास वाटला, तरच घाबरलेली गरोदर बाई आपली तक्रार मोकळेपणी सांगते. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज ही वाढलेल्या रक्तदाबाची खूण असू शकते. वेळीच कळले तर झटके टाळता येतात. अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तिथल्या परिचारिकेला काहीही विचारताना संकोच करू नये.