पेशीशास्त्रज्ञ थिओडोर श्वान

सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं कांद्याचा पातळ पापुद्रा ठेवून पाहण्याचा योग माध्यमिक शाळेंतील बहुतेक विद्यार्थ्यांस येतो. विटांप्रमाणें एकमेकांस लागून रचलेले ते खण पाहून मोठें कौतुक वाटतें. नंतर आपल्याच गालाच्या आंतील बाजूस हलकेंच खरवडून जें निघतें, तेंहि यंत्राखालीं ठेवितात. तेथें भिंती दिसत नाहींत, विटांची रांग दिसत नाहीं. वेड्यावांकड्या चकत्या तेवढ्या दिसतात. परंतु कांद्याचा खण असो वा गालाची चकती असो, आंत एक गडद ठिपका असतोच. कांदा व मनुष्य यांच्यामधील हें नातें ज्यांनीं जगास पटवून दिलें, त्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचें नांव थिओडोर श्वान. हें आडनांव वाचतांच आमच्या बालवाचकांच्या मुखावर हसूं उमटेल, हें आम्ही जाणून आहों. कारण संस्कृतांत त्याचा अर्थ कुत्रा असा होतो. परंतु जर्मन भाषेंतील या नांवाचा त्या शब्दाशीं कांहीं संबंध नाहीं. लोकांनीं हसण्याचा प्रसंग मात्र या थोर पुरुषावर निराळ्याच कारणानें आला. तो पुढें सांगूं.

श्वान यांचा जन्म ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यांत, ड्युसेलडॉर्फ शहराजवळील नॉइस या गांवीं, ता. ७ डिसेंबर १८१० रोजीं झाला. वडील सोनारकाम करीत. कोलोन येथें शालेय शिक्षण संपवून थिओडोर बॉनच्या विद्यापीठांत गेले, व तेथें योहानेस म्यूलर या विख्यात शरीरशास्त्रज्ञाशीं त्यांचा परिचय झाला. पुढें म्यूलर बर्लिन येथें अध्यापक झाले, तेव्हां श्वानहि तेथें गेले. १८३४ सालीं त्यांस वैद्यकाची पदवी मिळाली. कोंबडीच्या अंड्यांतील पिलास वाढीसाठीं हवेंतील प्राणवायु लागतो काय, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यानंतर म्यूलर यांनीं त्यांस आपले साहाय्यक नेमिलें. वेतन अल्प होतें. परंतु समोर सूक्ष्मदर्शक यंत्र होतें, आणि या शांत, लाजाळू तरुणास तेवढें पुरेसें होतें.

बर्लिन येथील अवघ्या पांच वर्षांत त्यांनीं केलेलें काम पाहून मन थक्क होतें. १८३६ सालीं त्यांनीं जठररसांतील अन्न पचविणारें एक द्रव्य शोधून काढिलें व त्यास पेप्सिन हें नांव दिलें. १८३७ सालीं त्यांनीं यीस्टकडे लक्ष वळविलें. साखरेच्या पाण्यांत यीस्ट पडलें असतां तें फसफसतें व त्याचें मद्य बनतें. हा केवळ रासायनिक फेरफार होय, असें त्या काळचे मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ मानीत. श्वान यांनीं प्रयोगान्तीं दाखविलें कीं, यीस्ट ही जिवंत वस्तु आहे. तिला कोंब फुटतात, ती वाढते, आणि उकळून ती मारिली म्हणजे फसफसणेंहि थांबतें.

आतां पेशींकडे वळूं. १६६५ सालीं रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाच्या पातळ कापांत मधाच्या पोळ्यासारखीं लहान लहान घरें पाहिलीं होतीं. वनस्पतींच्या पेशींभोंवतीं जाड भिंत असते, म्हणून त्या सहज दिसतात. प्राण्यांच्या पेशींस तशी भिंत नसून अत्यंत तलम पापुद्रा तेवढा असतो. यामुळें स्नायु, हाड, मज्जातंतु व रक्त या सर्वांचा घडणीचा मूळ घटक एकच असेल, अशी खात्री कोणासच देतां येत नव्हती.

बर्लिन येथें मॅटियास श्लायडेन हे वनस्पतिशास्त्रज्ञ श्वान यांचे स्नेही होते. पूर्वीं ते वकिली करीत. ती सोडून ते झाडाझुडपांच्या अभ्यासास लागले होते. एके दिवशीं दोघे एकत्र भोजन करीत असतां श्लायडेन यांनीं वनस्पतींच्या पेशींतील केंद्रकाची गोष्ट काढिली. केंद्रक म्हणजे पेशींतील तो गडद ठिपका. रॉबर्ट ब्राऊन यांनीं १८३१ सालीं त्याकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधिलें होतें. तें वर्णन ऐकतां ऐकतां श्वान यांस स्मरण झालें कीं, बेडकाच्या शेपटीवाल्या पिलांच्या कोवळ्या कण्यांत आपण अगदीं असाच ठिपका पाहिला आहे. मग दोघेहि श्वान यांच्या कामाच्या ठिकाणीं गेले. श्लायडेन यांनीं यंत्रांतून पाहिलें, आणि ओळख पटली.

भिंत दिसत नसेल तर केंद्रक शोधावें, ही किल्ली आतां हातीं आली. श्वान यांनीं कूर्चा, हाड, दांत, नखें, पिसें, डोळ्यांतील भिंग, स्नायु, मज्जातंतु व रक्त हीं सर्व तपासिलीं. पूर्ण वाढलेल्या अवयवांत पेशी ओळखूं येईना, तेव्हां त्यांनीं तोच अवयव गर्भावस्थेंत पाहिला. १८३९ सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वनस्पति काय किंवा प्राणी काय, सर्वांची शरीरें पेशींपासूनच घडलेलीं आहेत, हा त्याचा सिद्धान्त. त्या वेळीं ग्रंथकर्त्याचें वय २८ वर्षांचें होतें.

त्याच सालीं तो हसण्याचा प्रसंग आला. लीबिग व व्होलर हे त्या काळीं जर्मनींतील रसायनशास्त्राचे धुरीण. यीस्ट जिवंत आहे, या मताची टवाळी करणारा त्यांचा एक निनांवी लेख लीबिग यांच्या नियतकालिकांत छापून आला. त्यांत यीस्ट म्हणजे साखर गिळून मद्य बाहेर टाकणारे चिमुकले प्राणी, असें चित्र रंगविलें होतें. थोरांनीं अशी चेष्टा केल्यावर तरुण संशोधकाची बाजू कोण घेणार? १८३९ सालींच श्वान बर्लिन सोडून बेल्जममधील लूव्हें येथें अध्यापक म्हणून गेले, व १८४८ सालीं तेथून लिएज येथें गेले. पेशींच्या ग्रंथाबद्दल १८४५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस कॉप्ले पदक अर्पण केलें. तथापि बर्लिनमधील कामाच्या तोलाचा शोध पुन्हां त्यांच्या हातून लागला नाहीं.

येथें एक विलक्षण गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. ज्या कामाची थट्टा झाली, तें खरें ठरलें. १८५७ पासून लुई पाश्चर यांनीं केलेल्या प्रयोगांनीं यीस्टविषयींचें श्वान यांचें मत उचलून धरिलें. उलटपक्षीं, ज्या ग्रंथाचा गौरव झाला, त्यांत एक मोठी चूक होती. साखरेच्या पाकांत खडे जमतात, त्याप्रमाणें निराकार द्रवांत नव्या पेशी आपोआप जमतात, असें श्वान यांस वाटे. नवी पेशी जुन्या पेशीच्या विभागणीनेंच जन्मास येते, हें रॉबर्ट रेमाक व रुडॉल्फ फिरखो यांनीं १८५० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. ते दोघेहि म्यूलर यांच्याच शिष्यवर्गांतील होत. मूळ सिद्धान्त मात्र तसाच उभा राहिला.

१८७८ सालीं लिएज येथें श्वान यांचा मोठा सत्कार झाला, आणि ता. ११ जानेवारी १८८२ रोजीं कोलोन येथें, वयाच्या ७१ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. आपल्या मज्जातंतूंस वेष्टून असणाऱ्या पेशींस आजहि त्यांचेंच नांव आहे.

हसण्यानें सत्य खोटें होत नाहीं, आणि मानपत्रानें चूक बरोबर ठरत नाहीं. दोहोंचा निवाडा पुढील निरीक्षण करितें. म्हणून वर्गांत एखाद्या सोबत्यानें वेगळें कांहीं पाहिलें असें सांगितलें, तर त्यास हसण्यापूर्वीं आपणहि एकवार त्या यंत्रास डोळा लावावा, एवढेंच आमचें मागणें आहे.