साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती

आम्ही वस्तीतल्या अभ्यासिकेत बसतो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: अमेरिकेच्या विद्यापीठात प्रवेश मिळेलही, पण पैसा कुठून आणायचा? अशा वेळी आम्ही बाबासाहेबांचा हिशेब सांगतो. त्यांच्या पदव्यांची यादी आपल्याला पाठ असते, त्यामागच्या पैशाची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. भीमराव एकवीस वर्षांचे होते. घरी रमाई आणि तान्हा यशवंत. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची मदत होती. त्याच वर्षी बडोदा संस्थान काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार होते. भीमरावांची निवड झाली आणि ४ जूनला त्यांनी करारावर सही केली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते. त्या बदल्यात ठरलेलाच अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. म्हणजे ती मदत होती, तसेच ते बंधनही होते.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथल्या वसतिगृहात नवल भथेना हे पारशी मित्र भेटले. त्याच पैशातून स्वतःचे भागवायचे, घरीही पाठवायचे. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुनी पुस्तके जमवली. अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे विषय घेतले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. समाजशास्त्र शिकलेल्या आम्हाला तो आजही पुन्हा वाचावा लागतो.

पुढे ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सामान ज्या बोटीवर होते ती युद्धात बुडाली. तिच्या भरपाईच्या पैशातून ते करार पाळायला बडोद्याला गेले. तिथे अमेरिकेत शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला राहायला घर मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि तिथूनही हाकलले गेले. शिष्यवृत्तीने शिक्षण दिले, जात मात्र तिथेच वाट पाहत होती.

तरी ते थांबले नाहीत. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. कोलंबियाची पीएच.डी. प्रबंध छापून सादर केल्यावर, १९२७ मध्ये हाती आली.

यातून आम्हाला दिसते ते असे: एका ठिकाणचा पैसा कधीच पुरला नाही. शिष्यवृत्ती, स्वतःची कमाई, मित्राचे कर्ज अशी जोडाजोड करावी लागली. आजही तसेच आहे. अमेरिकेत पीएच.डी.ला बहुधा शुल्कमाफी आणि मानधन मिळते, एम.ए., एम.एस.ला क्वचितच. पदवीच्या पातळीवर परदेशी विद्यार्थ्याचा पूर्ण खर्च उचलणारी महाविद्यालये मोजकीच. व्हिसाची कागदपत्रे मिळण्याआधी निदान पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा दाखवावा लागतो. म्हणून केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती यांची तयारी प्रवेशाच्या अर्जाबरोबरच सुरू करा. उत्पन्न आणि जातीचे दाखले आधीच काढून ठेवा. सही करण्यापूर्वी अटी वाचा.

बाबासाहेबांनी हे ऋण पुढे फेडले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या मिळवल्या, काहींना परदेशी पाठवले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. म्हणून आमची एकच विनंती: ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली आहे त्यांनी आपल्या वस्तीतल्या निदान एका मुलाचा किंवा मुलीचा अर्ज शेजारी बसून भरून द्यावा.

जय भीम!