विश्लेषण : न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरचा बर्फ कोण उचलतं? झाडूवाल्यांना पांढरा गणवेश देणाऱ्या कर्नल वेअरिंग यांची गोष्ट

डिसेंबर-जानेवारी आला की न्यू जर्सी, न्यूयॉर्कमधल्या नातेवाइकांचे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर यायला लागतात. बर्फात गाडलेली कार, दारापुढे फावडं मारणारा दादा, मागून वहिनींच्या सूचना. दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओत मात्र रस्ता काळाभोर दिसतो, बस धावताना दिसते. मधल्या एका रात्रीत एवढा बर्फ गेला कुठे?

न्यूयॉर्कपुरतं या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. तिथे एक मिशीवाला, शिस्तखोर, भांडखोर लष्करी माणूस भेटतो. त्यांचं नाव कर्नल जॉर्ज वेअरिंग. त्यांच्या हाती शहर आलं ते फक्त तीन वर्षं, १८९५ ते १८९७.

तेव्हाचं न्यूयॉर्क कसं होतं?

थोडक्यात सांगायचं तर घाण. शहरात घोड्यांची संख्या लाखाच्या घरात होती. सगळी वाहतूक त्यांच्याच जिवावर चालायची आणि सगळी लीद रस्त्यावरच पडायची. त्यात चुलीतली राख, भाजीचा कचरा आणि कधी कधी मेलेला घोडाही. रात्री घोडे तबेल्यात जायचे, पण हजारो मालगाड्या रस्त्यावरच उभ्या राहायच्या. त्यामुळे तिथे झाडू मारणंच शक्य नसायचं.

या सगळ्यावर हिवाळ्यात बर्फ पडायचा. तो कचऱ्यात मिसळून घट्ट व्हायचा आणि मार्चमध्ये वितळला की गुडघाभर काळा चिखल उरायचा. मोठ्या, श्रीमंत रस्त्यांवरचा बर्फ उचलला जायचा. गरीब वस्त्यांत तो सूर्यावर सोपवलेला असायचा.

मार्च १८८८ मध्ये तर निसर्गाने परीक्षाच घेतली. अर्ध्या मीटरहून जास्त बर्फ पडला, वाऱ्याने त्याचे ढिगारे घरांच्या खिडक्यांपर्यंत नेले, विजेच्या आणि टेलिग्राफच्या तारा तुटून पडल्या. एकट्या न्यूयॉर्कमध्ये सुमारे २०० माणसं गेली. त्यानंतर तारा जमिनीखाली नेण्याच्या कामाला वेग आला, भुयारी रेल्वेची मागणीही जोरात पुढे आली. रस्ते सफाईचं खातं मात्र होतं तिथेच राहिलं.

त्याचं कारण राजकारण. शहरावर टॅमनी हॉल या राजकीय यंत्रणेची पकड होती. झाडूवाल्याची नोकरी वॉर्डातल्या पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर मिळायची. काम केलं काय, न केलं काय, निवडणुकीच्या दिवशी हजर असलं की झालं. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नसावी.

बर्फ उचलणं एवढं अवघड का?

इथे एक छोटं गणित करू. एक किलोमीटर लांब आणि दहा मीटर रुंद रस्ता घ्या. त्यावर फक्त १० सेंटीमीटर बर्फ पडला, तर तो १,००० घनमीटर होतो. ताज्या बर्फाच्या दहा सेंटीमीटरमध्ये साधारण एक सेंटीमीटर पाणी धरतात. म्हणजे वजन झालं १०० टन. हे एका किलोमीटरचं, आणि तेही किरकोळ बर्फवृष्टीत.

आता हे घोडागाडीने न्यायचं आहे. दाबून भरला तरी एका गाडीत दोन-तीन घनमीटरपेक्षा जास्त मूळ बर्फ मावणार नाही असं धरा. तरी तीन-चारशे खेपा होतात. प्रत्येक खेप फावड्याने भरायची, नदीच्या धक्क्यापर्यंत न्यायची, पाण्यात ओतायची आणि परत यायचं. त्यात रस्ता निसरडा, घोडे घसरतात. मीठ टाकावं तर घोड्यांच्या खुरांना इजा होते म्हणून प्राणिप्रेमी ओरडतात. ट्राम कंपन्या आपल्या रुळांवरचा बर्फ नांगराने बाजूला ढकलतात आणि तो दुकानदारांच्या दारात येतो. दुकानदार तो पुन्हा रुळांवर टाकतात.

अशा कामात तंत्र फारसं नसतं. माणसं किती, गाड्या किती, कोण कुठे उभं राहणार आणि खेपा कोण मोजणार, हेच सगळं असतं. वेअरिंग यांचं बलस्थान नेमकं हेच होतं.

कोण होते वेअरिंग?

जन्म ४ जुलै १८३३, न्यूयॉर्क राज्यातल्या पाउंड रिज या गावचा. शिक्षण शेतीचं. तरुणपणी त्यांनी दुसऱ्यांच्या शेतांची व्यवस्था पाहिली. त्यातलं एक शेत होतं फ्रेडरिक लॉ ओम्स्टेड यांचं. ओम्स्टेड यांच्याकडे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं काम आलं, तेव्हा त्यांनी पाण्याच्या निचऱ्यासाठी या शेतकऱ्यालाच बोलावलं. पार्कची जागा दलदलीची होती. वेअरिंग यांनी जमिनीखाली अनेक मैल मातीचे पाइप टाकून ती कोरडी केली. आज तिथे लोक हिरवळीवर पाय पसरून बसतात, त्याचं थोडं श्रेय त्या न दिसणाऱ्या पाइपांना आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. वेअरिंग उत्तरेच्या बाजूने लढले आणि मिझुरीच्या घोडदळाचे कर्नल झाले. ही पदवी नंतर आयुष्यभर नावापुढे राहिली. घोड्यांवर त्यांचा एवढा जीव होता की युद्धाच्या आठवणी लिहिल्या त्यातही घोडेच जास्त भेटतात. युद्धानंतर त्यांनी ऱ्होड आयलंडमध्ये न्यूपोर्टजवळ ऑग्डेन फार्म सांभाळलं, जर्सी गाई पाळल्या, शेती आणि सांडपाण्यावर पुस्तकं लिहिली.

देशभर नाव झालं ते मेम्फिसमुळे. १८७८ मध्ये या शहरात पिवळ्या तापाने पाच हजारांहून अधिक बळी घेतले. शहर दिवाळखोर झालं, पळून गेलेले लोक परत यायला तयार नव्हते. १८८० मध्ये वेअरिंग यांनी तिथे नवीन सांडपाणी व्यवस्था बांधायला घेतली. पावसाचं पाणी वेगळं, मैलापाणी वेगळं आणि त्यासाठी लहान व्यासाचे पाइप. खर्च कमी, काम लवकर.

ही बाजू सगळे सांगतात, दुसरीही सांगायला हवी. ते लहान पाइप वारंवार तुंबायचे. त्या काळच्या इतर इंजिनीअरांनी या पद्धतीवर जाहीर टीका केली. मोठ्या शहरात पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच गटारात नेणं स्वस्त पडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. वेअरिंग यांनी ते कधीच मनापासून मानलं नाही. आपल्या पद्धतीचे ते प्रचारकही होते आणि त्यातून कमावणारेही.

आणखी एक गोष्ट. रोग जंतूंमुळे होतात हे युरोपात सिद्ध होत असताना ते घाणीतून आणि गटारातून निघणाऱ्या दूषित हवेलाच दोष देत राहिले. कारण चुकीचं होतं, पण त्यावरचा उपाय, म्हणजे स्वच्छता, बऱ्याच अंशी बरोबर निघाला. बऱ्याच अंशी म्हणतोय, कारण शेवटी याच चुकीने त्यांना गाठलं.

खुर्ची आधी दुसऱ्याला देऊ केली होती

१८९४ च्या निवडणुकीत टॅमनी हॉलचा पराभव झाला आणि विल्यम स्ट्राँग महापौर झाले. रस्ते सफाई खात्याचं प्रमुखपद त्यांनी आधी थिओडोर रूझवेल्ट यांना देऊ केलं होतं. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले तेच रूझवेल्ट. त्यांनी नकार दिला आणि पोलीस खातं घेतलं. झाडू आला ६१ वर्षांच्या वेअरिंग यांच्या हातात, जानेवारी १८९५ मध्ये, ऐन थंडीत.

खातं आपण चालवणार, कामावर कोणाला ठेवायचं हे पुढाऱ्यांनी सांगायचं नाही, ही त्यांची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट होती. लष्करासारखी रचना केली. शहराचे भाग पाडले, प्रत्येक भागाला मुकादम, त्याच्यावर अधिकारी. काम करणारा जुना माणूस टॅमनीचा असला तरी राहिला, न करणारा घरी गेला. रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मालगाड्या उचलायला सुरुवात केली. मालक चिडले, हाणामाऱ्या झाल्या, पण रस्ते मोकळे झाले.

मग आला गणवेश. झाडूवाल्यांना डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे! शहर हसलं. लीद उचलणाऱ्याला पांढरं कशाला? हिशेब साधा होता. पांढऱ्या कपड्यातला माणूस दारूच्या गुत्त्यात शिरला तर सगळ्या रस्त्याला दिसतो. आणि दुसरं, डॉक्टर-नर्स पांढरं घालतात, तर शहराचं आरोग्य राखणाऱ्याने का नाही? मे १८९६ मध्ये वेअरिंग यांनी या फौजेचं संचलन काढलं. स्वतः घोड्यावर बसून पुढे आणि मागे झाडूवाल्यांच्या रांगा. टिंगल करायला आलेल्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. लोकांनी त्यांना पांढरे पंख असं नाव दिलं आणि ते टिकलं.

मला स्वतःला गणवेशापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. वेअरिंग यांनी कामगारांची ४१ जणांची निवडून आलेली समिती नेमली. दंड चुकीचा झाला, मुकादमाने त्रास दिला, तर तक्रार तिथे जायची. तिथे मिटलं नाही तर कामगार आणि अधिकारी यांचे समसमान प्रतिनिधी असलेल्या मंडळापुढे. १८९६ मध्ये, झाडूवाल्यांसाठी. आदेश देण्याची सवय असलेल्या माणसाने हे केलं, हे विशेष.

बर्फाचं काय केलं?

बर्फ पडायला लागला की रोजचे सफाई कामगार आणि गाड्या पुरेशा नसतात, हे उघड होतं. त्यामुळे कंत्राटदारांच्या गाड्या आणि रोजंदारीवर फावडी मारणारी माणसं घ्यावी लागायची. थंडीत बांधकामं बंद असल्याने बेकार मजूर भरपूर असायचे, त्यात नुकतेच आलेले इटालियन बरेच. बर्फवृष्टी म्हणजे त्यांच्यासाठी चार दिवसांची मजुरी.

खेपेमागे पैसे द्यायचे म्हटलं की गाडी अर्धीच भरून पळवण्याचा मोह आलाच. त्यामुळे फावड्याइतकंच महत्त्व मोजणाऱ्या माणसाला होतं. गाड्या नदीकाठच्या धक्क्यांवर रित्या व्हायच्या.

फरक पडला तो कोणते रस्ते साफ करायचे यात. वेअरिंग यांनी बर्फ उचलण्याचं काम लोअर ईस्ट साइडसारख्या दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांपर्यंत नेलं. त्या अरुंद गल्ल्यांत एकेका इमारतीत कित्येक कुटुंबं राहायची, मुलांना खेळायला रस्त्याशिवाय जागा नव्हती. आग लागली तर बंब आत शिरला पाहिजे, आजाऱ्याला बाहेर काढता आलं पाहिजे. बर्फाचा ढीग तिथे नुसती गैरसोय नव्हती. त्याच काळात या भागातल्या बऱ्याच रस्त्यांवर दगडांऐवजी डांबर आलं. दगडांच्या फटीत अडकणारी घाण आणि बर्फ गुळगुळीत डांबरावरून सहज निघू लागला.

तेव्हाच्या जोडफोटोंमध्ये एकच रस्ता १८९३ आणि १८९५ मध्ये दिसतो. आधी चिखल, कचरा, उभ्या गाड्या. नंतर मोकळी फरसबंदी. आजच्या आधी-नंतर रील्सचा हा पणजोबाच.

कचरा वेगळा करण्याचा नियमही त्यांचाच. १८९६ पासून राख, ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सक्ती झाली. ओल्या कचऱ्यातून चरबी आणि खत काढलं जाऊ लागलं, राख भरावाला जाऊ लागली. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्यावर अजून भांडणं होतात, ते न्यूयॉर्कने तेव्हा करून पाहिलं.

वेअरिंग स्वतः मृत्युदराचे आकडे द्यायचे. १८८२ ते १८९४ या काळात शहरात हजारी सरासरी २६.७८ मृत्यू होते, १८९६ मध्ये ते २१.५२ वर आले. सगळं श्रेय झाडूला देता येणार नाही. त्याच काळात घरांच्या तपासणीसारख्या इतर सुधारणाही चालू होत्या. पण घट खरी होती.

शत्रू किती?

भरपूर. गाडीमालक, कंत्राटदार, टॅमनीचे पुढारी. १८९५ मध्ये त्यांनी पेन्शनवर जगणाऱ्या माजी सैनिकांबद्दल असं काही अपमानास्पद बोललं की सगळ्या राज्यात गहजब झाला. स्वतः माजी सैनिक असून. महापौरांवर दबाव आला, पण त्यांनी वेअरिंग यांना काढलं नाही. जीभ सांभाळणं या माणसाला जमलं नाही एवढं खरं.

१८९७ च्या निवडणुकीत टॅमनी हॉल परत जिंकला. १८९८ उजाडताच वेअरिंग खुर्चीबाहेर होते.

हवाना

त्याच वर्षी स्पेनबरोबर युद्ध झालं आणि क्युबा अमेरिकेच्या ताब्यात येऊ लागला. हवानात पिवळा ताप कायमचा मुक्कामाला असायचा. शहर स्वच्छ कसं करता येईल हे पाहायला सरकारने वेअरिंग यांना पाठवलं. ते गटारं, धक्के, अंगणं पाहत फिरले, अहवालाची तयारी केली आणि बोटीने परतले. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर ताप चढला. २९ ऑक्टोबर १८९८ रोजी पिवळ्या तापानेच त्यांचा मृत्यू झाला. वय ६५.

हा ताप घाणीतून येतो असं ते मानत होते. क्युबाचे डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासून डासांकडे बोट दाखवत होते, पण त्यांचं फारसं कुणी ऐकत नव्हतं. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने हवानातच ते सिद्ध केलं. मेम्फिसला तापातून सोडवणारा म्हणून गाजलेला माणूस एका डासाने नेला. त्यांचा मृतदेहही संसर्गाच्या भीतीने बंदरातल्या क्वारंटाइन बेटावर नेऊन दहन करण्यात आला.

टॅमनीने खातं परत घेतलं तरी पांढरा गणवेश काढला नाही. तो पुढे अनेक वर्षं रस्त्यांवर दिसत राहिला.

आता बर्फ जातो कुठे?

आजही न्यूयॉर्कमध्ये बर्फाची जबाबदारी वेगळ्या खात्याची नाही, कचरा उचलणाऱ्या सॅनिटेशन विभागाचीच आहे. बर्फाचा इशारा आला की कचऱ्याच्या ट्रकच्या तोंडाला लोखंडी नांगर बसवतात, चाकांना साखळ्या लावतात. घोडे नसल्याने मीठही चालतं. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि बर्फ रस्त्याला चिकटत नाही. मात्र पारा उणे ९-१० अंशांखाली गेला की साध्या मिठाचा जोर संपतो, मग कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. ढीग फारच मोठे झाले तर ते मोठ्या यंत्रांत टाकून वितळवतात आणि पाणी गटारात सोडतात.

फावड्यावाले मात्र गेलेले नाहीत. बसथांबे आणि चौकातल्या पदपथांचे कोपरे मोकळे करायला शहर अजूनही तात्पुरती माणसं रोजंदारीवर घेतं आणि थंडी सुरू होण्याआधी त्यांची नावनोंदणी करून ठेवतं.